जुन्या जीपसाठीं जुनें इंजिन



यंत्र म्हणजे काय हें पाहण्यासाठीं एकलहऱ्याच्या मुलांस फार लांब जावें लागत नाहीं. औष्णिक वीज-केंद्राचीं धुराडीं आपल्या अंगणांतून दिसतात. आणि तेथील 210 मेगावॅटचा एखादा संच ओव्हरहॉलिंगसाठीं बंद ठेविला आहे, ही बातमी पुष्कळांच्या घरीं जेवतांना कानांवर पडते. एवढें मोठें यंत्र जुनें झालें म्हणून कोणी फेंकून देत नाहीं. तें उघडतात, मोजतात, झिजलेला भाग बदलतात आणि पुन्हां चालू करितात. हाच न्याय दारांत उभ्या असलेल्या जुन्या मोटारीस लावतां येईल काय, आणि थोडक्या पैशांत लावावयाचा तर कोणत्या रीतीनें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

अलीकडे वरच्या वर्गांतील कांहीं मुलें, आणि मुलांच्या आडून त्यांचे वडीलही, जुनी जीप घेऊन ती पुन्हां रस्त्यावर आणण्याविषयीं विचारूं लागले आहेत. सांगाडा मिळतो, पत्रा ठोकून सरळ करितां येतो, रंग घरींही देतां येतो. गाडें अडतें तें इंजिन आणि गियरबॉक्स यांपाशीं. त्या जातीचीं नवीं इंजिनें बनविणें कारखान्यानें केव्हांच थांबविलें. तेव्हां वापरलेलेंच घ्यावें लागतें. आणि वापरलेल्या वस्तूच्या व्यवहारांत फसगत फार. कधीं पैशांची, तर कधीं अब्रूचीही. ही फसगत टाळण्यासाठीं विकत घेणाऱ्यानें तीन प्रश्न विचारावे. हें इंजिन माझ्या गाडीशीं जुळतें काय? तें किती झिजलें आहे? आणि तें कोणाचें आहे? तिन्ही उत्तरें मिळाल्यावांचून खिशांत हात घालूं नये, एवढेंच या लेखाचें सार आहे.

जीप आणि आपला जिल्हा

अमेरिकेंतील विलिज कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धांत जगभर फिरली. मुंबईस 1945 सालीं महिंद्र आणि महंमद ही कंपनी निघाली. तिचेंच नांव 1948 सालीं महिंद्र आणि महिंद्र असें झालें. या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलिज जीपचे सुटे भाग आणवून माझगांव येथें त्या जोडण्याचें काम आरंभिलें, आणि हळूंहळूं ती गाडी येथेंच बनूं लागली. पाटबंधारे, जंगलखातें, पोलीस, लष्कर, द्राक्षबागाईतदार, सर्वांनीं ती वापरली. पुढें याच कंपनीचा गाड्यांचा कारखाना आपल्या सातपुरास आणि इंजिनांचा कारखाना इगतपुरीस झाला. तेव्हां जुनी जीप ही आपल्या जिल्ह्यांत परकी वस्तु नव्हे.

जुन्या जीपांत मुख्यतः तीन वंशांचीं इंजिनें आढळतात. पहिलें विलिज कंपनीचें पेट्रोलचें, चार सिलिंडरांचें, सुमारें 2200 घनसेंटिमीटर मापाचें. दुसरें डिझेलचें, ज्याचें मूळ इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनांत आहे. तिसरेंही डिझेलचेंच, फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनविलेलें 'एक्सडीपी 4.90', जें 1980 नंतरच्या दशकांत महिंद्र जीपांत बसूं लागलें.

या शेवटच्या नांवांतच गणिताचें एक उदाहरण आहे. 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा 90 मिलिमीटर व्यास. पिस्टन म्हणजे दट्ट्या 83 मिलिमीटर वरखालीं होतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळास उंचीनें गुणिलें असतां एका सिलिंडरचें घनफळ सुमारें 528 घनसेंटिमीटर येतें, आणि त्याची चौपट 2112. कारखान्याच्या पुस्तकांतही हाच आंकडा आहे. जो विद्यार्थी हें गणित करूं शकतो, तो दुकानदारास योग्य प्रश्नही विचारूं शकतो.

इंजिन व गियरबॉक्स यांची सोयरीक

इंजिनास जलद फिरणें मानवतें, तर चढावर भरलेली गाडी ओढतांना चाकास सावकाश परंतु जोरानें फिरावें लागतें. या दोघांत समेट घडविण्याचें काम गियरबॉक्सचें. विलिज जीपमधील टी-90 नांवाच्या गियरबॉक्सांत पुढें जाण्याचे तीन गियर आहेत. पहिल्या गियरांत इंजिन सुमारें 2.8 वेळां फिरतें तेव्हां बाहेरचा शाफ्ट एकदां फिरतो. दुसऱ्यांत हें प्रमाण सुमारें 1.55 आहे, तिसऱ्यांत एकास एक. त्यापुढें चाकांच्या धुऱ्यांतील दांत्यांच्या चक्रांनीं गति आणखी 5.38 पटींनीं कमी होते. इंजिन, गियरबॉक्स आणि धुरा हीं तिन्ही एकमेकांचा विचार करून बनविलेलीं असतात. त्यांतील एक बदललें कीं इतर दोघांचा संसार बिघडण्याचा संभव असतो.

याचा प्रत्यय एका हिशोबानें येतो. जीपचें चाक 28 इंच व्यासाचें धरिलें तर एका फेऱ्यांत तें सुमारें 2.23 मीटर पुढें जातें. पेट्रोलचें मूळ इंजिन मिनिटास 4000 फेरे घेत असतां, शेवटच्या गियरांत चाकाचे फेरे 4000 भागिलें 5.38, म्हणजे सुमारें 743 होतात, आणि गाडीचा वेग तासीं सुमारें 100 किलोमीटर येतो. आतां तेथें शेतीच्या ट्रॅक्टरचें, मिनिटास सुमारें 2000 फेऱ्यांवर काम करणारें इंजिन बसविलें असें समजा. तोच गियर, तोच धुरा, तेंच चाक. परंतु वेग पन्नासावर अडतो. त्यापुढें पाय दाबला तर इंजिन आक्रंदन करितें, गाडी मात्र पळत नाहीं. इंधन स्वस्त पडतें म्हणून पूर्वीं पुष्कळांनीं असे खटाटोप केले, आणि तशा जीपा आजही विकावयास येतात. त्या घेण्यापूर्वीं हें भागाकाराचें गणित कागदावर मांडून पाहावें.

वेगाचें झालें, आतां जागेचें पाहूं. या बाबतींत खुद्द विलिज कंपनीचें उदाहरण बोलकें आहे. तिचें आरंभीचें इंजिन बुटकें होतें, कारण त्याच्या सर्व झडपा बाजूस ठोकळ्यांतच बसविलेल्या होत्या. पुढें कंपनीनें त्याच मापाचें, पण आंत घेणारी झडप वर हेडांत असलेलें, अधिक जोरदार इंजिन काढिलें. तें उंच होतें; जुन्या बॉनेटखालीं मावेना. तेव्हां 1953 च्या सीजे-3बी या जीपचें बॉनेटच उंच करावें लागलें. ही उंच कपाळाची जीप आपल्याकडे पुढें कित्येक वर्षें बनत होती आणि आजही चटकन ओळखूं येते. ज्यांचें इंजिन, ज्यांचीच गाडी, त्यांनाही जेथें पत्रा बदलावा लागला, तेथें घरगुती कारागिरानें फूटपट्टी न घेतां बाजारांत जाणें शहाणपणाचें नाहीं.

मोजावयाच्या गोष्टी अशा. इंजिनाची उंची व लांबी, पंखा व रेडिएटर यांमधील अंतर, तेलाची टाकी खालीं पुढच्या धुऱ्यास लागते काय, इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतें त्यांचीं भोकें, स्टार्टरची बाजू, आणि सायलेन्सरच्या नळीस वाट. गियरबॉक्सकडे वळलें कीं आणखी चार गोष्टी येतात. इंजिन व गियरबॉक्स यांना जोडणारी बेल हाउसिंग नांवाची घंटेच्या आकाराची पेटी, फ्लायव्हील, क्लच प्लेटच्या मधल्या भोकांतील खांचांची संख्या, आणि गियरबॉक्सचा पुढील शाफ्ट ज्या लहान बुशांत जाऊन टेंकतो त्या बुशाचें माप. यांपैकीं एकही चुकलें तर लेथवर नवा भाग कातून घ्यावा लागतो, आणि स्वस्तांत घेतलेली वस्तु दुप्पट महाग पडते. म्हणून थोडक्या पैशांत काम करणाऱ्यास सर्वांत हिताचा नियम हा कीं, इंजिन व गियरबॉक्स एकाच गाडींतून उतरलेला जोडा म्हणून घ्यावा. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, बैठका आणि बोल्टसुद्धां सोबत मागून घ्यावे. एक बोल्ट शोधण्यांत एक रविवार कसा जातो, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यास हें पुन्हां सांगावें लागत नाहीं.

येथें पालकांसाठीं आणखी एक सूचना. तरुण मुलांस मोठ्या ताकदीच्या इंजिनाची हौस असते. परंतु जुन्या जीपचे ड्रम ब्रेक, तिचें स्टिअरिंग आणि तिचा आंखूड सांगाडा हे सर्व मूळच्या ताकदीपुरते बनविलेले आहेत. धांवण्याची शक्ति वाढविली आणि थांबण्याची जुनीच ठेविली, तर कसारा घाटाच्या उतारावर तो हिशोब फार क्रूरपणें चुकता होतो.

कोठें शोधावें

जुन्या भागांचे बाजार मोठ्या शहरांतून आहेत. मुंबईंत कुर्ल्याचा सी.एस.टी. रस्ता आणि चोरबाजार हीं नांवें प्रसिद्ध आहेत, दिल्लीस मायापुरी. उत्तरेंत पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली हें गांव तर जीपा जोडून देण्यासाठींच ओळखलें जातें. आपल्याकडे अंबड-सातपूर जोडरस्त्यावर मोठा भंगारबाजार भरत असे. तेथील अनधिकृत दुकानें महापालिकेनें 2017 सालीं हटविलीं. असा बाजार उठला कीं ज्याच्याकडून वस्तु घेतली तो दुकानदार कोठें गेला याचा पत्ता लागत नाहीं. पावती व हमी हीं वाऱ्यावर जातात. म्हणून दुकानापेक्षां दुकानदाराची परंपरा पाहावी, आणि पत्ता छापलेली पावती मिळत असेल तेथेंच व्यवहार करावा.

दुसरा मार्ग सरकारी लिलावांचा. सरकारी खातीं आपल्या निकालांत काढलेल्या गाड्या एम.एस.टी.सी. या सरकारी कंपनीच्या द्वारें इंटरनेटवरील लिलावानें विकतात. मालाचा उगम स्वच्छ असतो, हा येथें मोठा लाभ. परंतु लिलावाच्या अटी नीट वाचाव्या. कित्येक गाड्या केवळ भंगार म्हणून विकल्या जातात व त्यांची पुन्हां नोंदणी होत नाहीं. शिवाय गाडी उचलून आणण्याचा खर्च घेणाऱ्याच्याच माथीं असतो.

तिसरा मार्ग माझ्या मतें सर्वांत चांगला. सांगाडा गंजलेली किंवा अपघातांत मोडलेली, परंतु इंजिन चालू असलेली त्याच जातीची संपूर्ण जीप तिच्या नोंदणीपुस्तकासह विकत घ्यावी. निफाड, सिन्नर, दिंडोरी या बाजूंच्या मळ्यांतून अशी एखादी गाडी गवतांत उभी असलेली दिसते. तिचें इंजिन गाडींतच चालवून ऐकतां येतें, जोडा आपोआप मिळतो, आणि मालक समोर असतो. काम झाल्यावर उरलेला सांगाडा भंगारांत जाणार असेल, तर ती गाडी कायमची निकामी झाल्याचें परिवहन कार्यालयास चौदा दिवसांच्या आंत कळवून तिची नोंदणी रद्द करून घेणें हें कायद्यानें मालकाचें कर्तव्य आहे.

ज्यांची आवड जीपपेक्षां मोटारीकडे आहे त्यांस हाच मार्ग प्रीमियर पद्मिनीच्या बाबतींत लागू पडतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास बनविलेली ही 1089 घनसेंटिमीटरची गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघर ठाऊक झाली. 2023 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस ती टॅक्सीच्या सेवेंतून कायमची गेली. टॅक्सींतून निघालेलें इंजिन मिळालें तर तें किती वर्षें आणि किती वेळां उघडून चालविलेलें असेल, याचा विचार करूनच भाव ठरवावा.

झीज कशी ओळखावी

बाजारांतील इंजिनावर ताजा रंग दिसला कीं सावध व्हावें. रंग कांहीं सांगत नाहीं. तेल, पाणी, धूर आणि दाब हे चौघे साक्षीदार मात्र खोटें बोलत नाहींत.

प्रथम इंजिन हातानें फिरवून पाहावें. जुन्या पेट्रोल जीपला पुढून हँडल लागतें, तें या कामीं उत्तम. इंजिन अजिबात फिरत नसेल तर तें आंतून जाम झालें आहे. फिरतांना एका जागीं अडत असेल तर आंत कांहीं तरी मोडलें किंवा वांकलें आहे. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाच्या वेळीं हातास सारखा विरोध जाणवला पाहिजे.

मग तेल पाहावें. काळें तेल हा दोष नव्हे. डिझेल इंजिनाचें तेल काळेंच असतें. परंतु तें दुधाच्या चहासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळत आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेलें आहे किंवा ठोकळ्यास चीर आहे. तसेंच रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय दिसूं नये. तेल काढण्याच्या बुचाजवळ लोहचुंबक फिरवावा. बारीक राखेसारखी धूळ चालेल. चकचकीत तुकडे चालणार नाहींत.

इंजिन चालू होत असेल तर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे, अर्थात् रिंगा किंवा झडपांचे गाइड झिजले आहेत. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येतच राहिली तर पाणी आंत शिरतें आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त व हवा कमी. हा दोष पुष्कळदां पंप, इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटर यांचा असतो आणि तुलनेनें थोडक्या खर्चांत निघतो. विकणारा जर इंजिन आधींच तापवून ठेवील तर तें थंड होऊं द्यावें आणि आपल्यासमोर पुन्हां चालू करावयास सांगावें. थंड असतां सुरू न होणें हा दोष तापलेल्या इंजिनांत लपतो.

सर्वांत खात्रीची परीक्षा दाबाच्या गेजनें होते. पेट्रोल इंजिनाचे सर्व प्लग काढून एकेका सिलिंडरांत गेज लावावा व स्टार्टरनें इंजिन फिरवावें. जुन्या विलिज इंजिनांत दर चौरस इंचास शंभर ते सव्वाशे पौंडांच्या आसपास दाब मिळाला तर समाधान मानावें. परंतु आंकड्यापेक्षां सारखेपणा महत्त्वाचा. चार सिलिंडरांतील दाबांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर नसावें. एखाद्यांत दाब कमी आला तर त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलानें त्यांची फट बुजली. वाढला नाहीं तर दोष झडपांचा किंवा गॅस्केटचा. किती साधी युक्ति, पण तींत शास्त्राचा सगळा विचार आहे : एक कारण तात्पुरतें दूर करावयाचें, आणि परिणाम बदलतो काय तें पाहावयाचें. ही तेलाची परीक्षा डिझेल इंजिनावर करूं नये. त्याचा गेजही वेगळा, कारण डिझेलमध्यें हवा पेट्रोलपेक्षां पुष्कळ अधिक दाबली जाते.

इंजिन उघडून दाखविण्यास दुकानदार तयार असेल तर क्रँकशाफ्टचें माप घ्यावें. झिजलेला क्रँक घांसून गुळगुळीत करितात आणि तितके जाड बेअरिंग बसवितात. मिस्त्री लोक त्यास दहा, वीस, तीस असें म्हणतात. म्हणजे इंचाचे तितके हजारांश. जो क्रँक पूर्वींच तिसावर गेला आहे, त्यास बहुधा पुढचें आयुष्य उरलेलें नसतें. सिलिंडरचेंही तसेंच. मागच्या दुरुस्त्यांचा इतिहास असा मापांत लिहिलेला असतो. तो वाचतां आला पाहिजे.

गियरबॉक्सची परीक्षा त्याहून सोपी आहे, आणि ती बाकावर करितां येते. प्रत्येक गियर टाकून पुढचा शाफ्ट हातानें फिरवावा व मागच्या शाफ्टचे फेरे मोजावे. टी-90 मध्यें पहिल्या गियरांत पुढचे 28 फेरे झाले कीं मागचे 10 झाले पाहिजेत. न झाले तर पेटी दुसऱ्याच जातीची आहे, नांव कांहींही सांगोत. वरचें झांकण काढून दांते पाहावे. टोकें झिजून गोल झालीं असतील तर तो गियर चालत्या गाडींत आपोआप सुटेल. शाफ्ट वरखालीं हलवून पाहावा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले. खालच्या तेलांत पितळेची सोनेरी चकाकी दिसली तर गियर जुळविणाऱ्या कड्या झिजत आहेत असें समजावें. दांत तुटलेला गियर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये, कारण तुटलेला तुकडा बाकीच्या गियरांस शिल्लक ठेवीत नाहीं.

इंजिन कोणाचें?

तिसरा प्रश्न पुष्कळ जण विचारीतच नाहींत, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक इंजिनावर क्रमांक ठोकलेला असतो व तो नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. तो क्रमांक घांसलेला, वर वेल्डिंग केलेलें किंवा अक्षरें वेडींवांकडीं दिसलीं तर तेथून निघून यावें. चोरलेल्या गाडीचे तुकडे करून विकणें हा मोठा धंदा आहे. मेरठ शहरांतील सोतीगंज बाजार याच कामासाठीं देशभर कुप्रसिद्ध होता. 2021 च्या डिसेंबरांत उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तो बंद केला. परंतु तो बाजार केवळ चोरांवर चालत नव्हता. क्रमांक न विचारतां स्वस्त माल उचलणारे गिऱ्हाईक होते म्हणून तो चालत होता. कोणा टॅक्सीवाल्याची रोजीरोटी रात्रींतून नाहींशी झाली, आणि तिचा एक तुकडा आपल्या अंगणांत येऊन बसला, तर त्या रंगविलेल्या जीपचा अभिमान काय कामाचा? कायदाही याकडे काणाडोळा करीत नाहीं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें अथवा जवळ ठेवणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नांवाची सोय आहे. तेथें इंजिनाचा क्रमांक घालून तें चोरीच्या नोंदींत आहे काय हें पाहतां येतें. हें पाच मिनिटांचें काम पैसे देण्यापूर्वीं करावें.

क्रमांक स्वच्छ असला तरी कायद्याचें काम तेथें संपत नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करितां येत नाहीं. इंधन बदलण्याच्या मान्य किटांस कांहीं अटींवर सवलत आहे, एवढेंच. सर्वोच्च न्यायालयानें 2019 च्या जानेवारींत हेंच स्पष्ट केलें. म्हणून इंजिन त्याच बनावटीचें व त्याच जातीचें घ्यावें, काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची परवानगी काढावी, आणि नवा क्रमांक नोंदणीपुस्तकांत चढवून घ्यावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं आणि पुढें दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. त्या तपासणींत पुस्तकांतला क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक यांचा मेळ पाहिला जातो.

फार जुन्या गाडीच्या मालकानें तर आणखी जपावें. केंद्र सरकारनें 2021 च्या जुलैमध्यें केलेल्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षें झालेली व मूळ रूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये व फेरनोंदणीची 5,000 रुपये ठेविली आहे, क्रमांकांत व्ही.ए. हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या वापरास नव्हे, तर प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती इत्यादि कामांपुरतीच रस्त्यावर आणितां येते. पण अट ही कीं, सांगाडा, टप किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आजोबांच्या 1960 सालच्या जीपमधील मूळ इंजिन काढून तेथें दुसऱ्या जातीचें बसविलें, तर गाडी धांवेल कदाचित्, पण तिचा मान जाईल. अशा वेळीं नवें शोधण्याआधीं जुनेंच इंजिन उघडून मोजावें. पुष्कळदां रिंगा, बेअरिंग आणि झडपा एवढ्यावर तें पुन्हां उभें राहतें. आणि मूळ ठोकळा कितीही वाईट दिसला तरी भंगारांत देऊं नये.

वहींतला हिशोब

शेवटीं पैशांविषयीं. दुकानदार सांगतो ती इंजिनाची किंमत. खर्च त्याहून निराळा. वहीच्या एका पानावर आधींच पुढील रकमा मांडाव्या : इंजिन व गियरबॉक्स, टेंपोचें भाडें, गॅस्केटचा संच, बोअर व क्रँक घांसण्याची मजुरी, रिंगा व बेअरिंग, क्लच प्लेट, रबरी बैठका, तेल, परवानगी व नोंदणी. बेरजेखालीं आणखी एक ओळ न कळलेल्या दोषांसाठीं मोकळी सोडावी. ही बेरीज करून पाहिली म्हणजे पुष्कळदां असें दिसतें कीं, दाब मोजूं देणाऱ्या, पावती देणाऱ्या दुकानांतलें महाग इंजिन हेंच खरें स्वस्त होतें. दाब मोजूं न देणारा, "घेऊन तर जा, चालतंच" असें म्हणणारा, आणि पावतीचा विषय काढतांच भाव उतरविणारा, या तिघांकडून कांहींही घेऊं नये.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, मुलगा जुनें इंजिन घरीं आणण्याचा हट्ट धरील तर त्यास एकदम नाहीं म्हणूं नये; पण पैसे देण्यापूर्वीं त्याच्याकडून तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. आणि तुम्ही विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, भूमितींतील वर्तुळ, अंकगणितांतील गुणोत्तर आणि पदार्थविज्ञानांतील दाब हे परीक्षेनंतर विसरून जाण्याचे विषय नाहींत. जुन्या लोखंडाच्या ढिगासमोर उभें राहून कोणतें घ्यावें व कोणतें टाकावें हें ठरवितांना तेच कामीं येतात. ज्यास मोजतां येतें त्यास कोणी सहसा फसवीत नाहीं, आणि घेण्यापूर्वीं जो "हें कोणाचें?" असें विचारतो, त्याच्या हातून दुसऱ्याचें नुकसान होत नाहीं.